फिदविया

"ये 'मैं' कौन है?"

ख्वाजामियाँनी माझी दरखास्त नाकाला टेकेल इतकी जवळ धरली होती. "बेटी, कौन है ये 'मैं'? तुम्हारे साथ और भी कोई आया क्या?"

मी खरंच मागे वळून पाहिलं. बाकीचं सगळं चालून गेलं असतं, पण हे मागे वळणं मला अजून सहन होत नाही. मागे आबा उभे होते, त्यांच्या मागे कापडाचे गठ्ठे, आणि गठ्ठ्यांच्या मागे जुन्या जालन्याची ती अरुंद गल्ली, जिथून येताना मी चालत नव्हतेच, उडत होते. मी मागे पाहिलं तसे गादीवर टेकलेले बद्रीनाथशेठ हसले, ख्वाजामियाँ हसले, आणि सगळ्यांच्या नंतर, काय झालं ते न कळता, आबा हसले. आबांचं हसू असं नेहमी मागून येतं. आमच्या घरातलं माणूस हसल्याशिवाय राहिलं की मोठ्या लोकांना वाईट वाटेल, असा त्यांचा काहीतरी समज आहे.

बद्रीनाथशेठ म्हणजे आमच्या भागातून निवडून आलेले बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, मेंबर. पुढे दुकान, मागच्या खोलीत मेंबरांचं दफ्तर. ख्वाजामियाँ तिथले मुन्शी, आणि शेठजींचे डोळेसुद्धा, कारण शेठना उर्दू वाचता येत नाही आणि सरकारची भाषा उर्दू, म्हणून बलदियाचा सगळा कारभारही उर्दूत. आता त्यांना आणखी एक माणूस हवं होतं, आणि तेही बाईमाणूस. आमच्या मोहल्ल्यातली काही घरं बायकांच्या नावावर आहेत, म्हणून मतंही त्यांचीच. पण त्या पडद्यातल्या. त्या काही दुकानात येऊन गाऱ्हाणं सांगणार नाहीत. तेव्हा कुणीतरी घरोघर आत जाऊन त्यांच्या शिकायती लिहून आणायच्या. मेंबराच्या हाताखाली असा एक लिहिणारा ठेवायला बलदियानं मंजुरी दिली होती. आमच्या मदरशात, म्हणजे मुलींच्या सरकारी शाळेत, शिकवणाऱ्या शकीलाआपांनी ही बातमी वर्गात सांगितली तेव्हा त्या सगळ्या मुलींना उद्देशून बोलत होत्या, पण पाहत माझ्याकडे होत्या. "शेठ को एक लिखनेवाली होना. ख़त अच्छा होना, मराठी भी आना." ख़त म्हणजे अक्षर. आणि अक्षर माझं. अक्षर दुसऱ्या कुणाचं होतं? माझी पाटी आपा दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवून आणत, आणि परत आली की तिच्यावर कुणाकुणाची बोटं उमटलेली असत.

घरी मी आबांना हे सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसून सुतळी वळत होते. जिनिंगमध्ये ते कापूस तोलायला होते. नव्या मालकानं आपला माणूस आणला, तेव्हापासून आबा घरीच. सुतळीची आम्हाला काही गरज नव्हती. घरात कुठं पाहावं तिथं सुतळीचे गुंडे. मी आधीपासून एकच पाढा लावला होता: उन्हाळ्यात मिडलची परीक्षा झाली की मला औरंगाबादला जायचंय, मॅट्रिकपर्यंत शिकायचंय. इथं पोरींना पुढचे वर्ग नाहीत. आणि आबांचंही उत्तर ठरलेलं. "औरंगाबादला ऱ्हायचा खर्चा कोण करंल? तू कमवून आण, मंग जा." ते हे असं म्हणायचे जसं एखाद्याला म्हणावं, तू आधी आभाळाला हात लाव. मी म्हणाले, "आणते. वर्षभर शेठकडं काम करते, पैसे साठवते, अन् मंग जाते. बोलून बसलात आबा, आता फिरायचं न्हाई." आबा म्हणाले, "फिरतो कशाला? मी काय फिरता माणूस हाय का?" माय चुलीपासून म्हणाली, "दिवसभर ओट्यावर असतंय, फिरंल कुठून." आम्ही तिघं हसलो. ते हसणं खरं होतं, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे तसं कुणी हसलं नाही.

आणि मी दरखास्त लिहिली. आपांना दाखवली नाही, कारण मला त्यांना चकित करायचं होतं. मला निबंध लिहायची सवय, आणि निबंधात तर मीच असते. "मैं सुबह उठती हूँ. मैं मदरसे जाती हूँ." तशीच मी दरखास्तही लिहिली. मैं उर्दू जानती हूँ. मैं मराठी जानती हूँ. मैं ये काम करना चाहती हूँ. प्रत्येक ओळ 'मैं'पासून सुरू होत होती आणि मला ते फार आवडलं होतं. उजवीकडच्या काठाला 'मैं'ची एक रांग उभी राहिली होती, ताठ, मदरशातल्या कवायतीच्या रांगेसारखी. घरात मी म्हणजे 'ती'. तिला सांग. तिला वाढ. तिला काय कळतंय. 'मी' असा शब्द माझ्या तोंडात असतो, पण तो तोंडातच असतो, बाहेर येतो तेव्हा त्याला कुणी पाट मांडत नाही. कागदावर तो असा एकाखाली एक बसला तेव्हा मला वाटलं, झालं, बसला. आता उठवील कोण?

"दरखास्त में 'मैं' नहीं होता," ख्वाजामियाँ आता हसत नव्हते. ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या दाढीत मेंदीचा लाल रंग होता आणि बोलताना ते शब्द जपून ठेवत, काचेची भांडी ठेवावीत तसे. "'मैं' कू घर छोड़ के आते, बेटी. जैसा जूते बाहर छोड़ते, वैसा. यहाँ लिखते, 'फिदवी अर्ज़ करता है'. तुम औरत जात, तो 'फिदविया अर्ज़ करती है'. इतना भी नहीं सिखाए क्या मदरसे में?"

"फिदवी म्हंजी?" आबांनी विचारलं.

"म्हणजे सरकारवरून जीव ओवाळून टाकलेला," शेठनी सांगितलं. उर्दू वाचता न येणाऱ्या माणसाला हा एवढा शब्द बरोबर ठाऊक होता. मेंबर झाल्यापासून रोज ऐकत असणार. "चांगला शब्द आहे रखमाजी. लीनतेचा."

"चांगलाच की," आबा म्हणाले. "लिही बाई तसं. जल्दी लिही."

मला उत्तर सुचत होतं. उत्तरं मला नेहमी सुचतात, मदरशात मी त्यासाठी बदनामच आहे. मला म्हणायचं होतं की उर्दूत 'मैं' आणि 'में' लिहायला एकच असतात, 'मी' आणि 'आत', आजूबाजूचं वाक्य पाहून ओळखायचं कोणता ते. म्हणजे आख्ख्या कागदावर मी असं कुठं लिहिलंय? मी तर लिहिलंय, आत, आत, आत. आत घ्या. हे मी मनात इतकं छान बोलले की बोलून झाल्यासारखंच वाटलं, आणि तोंडातून निघालं ते "जी".

लढाई चालू होती, कागद मिळत नव्हता. ख्वाजामियाँनी पेटीतून एक कोरा ताव काढला तो असा, की जणू आपल्या अंगावरचं कातडं देत आहेत. "संभाल के. दूसरा नहीं." मी बोरू घेतला, खाली बसले. एकेक अक्षर काढलं: फे, दाल, वाव, ये, शेवटी हे. शेवटच्या त्या हेचा लहानसा गोल वळवला, की फिदवीची फिदविया होते, पुरुषाची बाई होते, एवढ्याशा गोलात. काय सांगू, तो शब्द सुंदर दिसत होता. माझ्या 'मैं'पेक्षा चांगला. फेचं डोकं, वावचं पोट, आणि शेवटी ती गोल गाठ, नथीसारखी. हाताला लाज नसते. त्याला वळण मिळालं की झालं. फिदविया उर्दू जानती है. फिदविया मराठी जानती है. लिहिता लिहिता मला वाटू लागलं की ही कुणीतरी दुसरी मुलगी आहे, बरी आहे बिचारी, हुशार आहे, हिला नोकरी द्यायला हरकत नाही. आणि गंमत म्हणजे तिच्यासाठी शब्द टाकणं मला माझ्यासाठी बोलण्यापेक्षा सोपं जात होतं. खाली नाव लिहिलं: तुळजाबाई बिन्ते रखमाजी. बिन्ते म्हणजे मुलगी. रखमाजीची मुलगी तुळजाबाई. हे तरी खरं होतं.

"ख़त देखो शेठ," ख्वाजामियाँ म्हणाले. शेठनी कागद हातात धरला. तो उलटा होता. ख्वाजामियाँनी हळूच सुलटा केला, आणि शेठ म्हणाले, "वा."

मग परीक्षा. बाहेर एक टांगा थांबला होता, पडदा लावलेला. मागच्या गल्लीतल्या मैमूनाबी नालीची शिकायत घेऊन आल्या होत्या, पण उतरायच्या नव्हत्या. "जा, पूछ के लिख ला," ख्वाजामियाँनी मला ख़राब कागदाची चिठोरी दिली. मी पडद्यात शिरले. आत अत्तर, विडा आणि घोड्याचा वास एकत्र झाला होता, आणि त्या अंधारात एक मोठी, हसरी बाई गुडघ्याशी गुडघा टेकवून बसली होती. मला एकदम बरं वाटलं. दुकानातल्यापेक्षा इथं हवा कमी होती, पण श्वास येत होता.

"तू लिखनेवाली? इतनी सी?" त्या म्हणाल्या. "लिख. मैं मैमूना. मेरा घर मेरा है, मेरे बावा का दिया हुआ. और नाली बलदिया की. पन नाली मेरे घर में मेहमान बन के आती, बैठती, और उठती नहीं. चा पिलाऊँ क्या उसको? लिख, लिख."

मी लिहिलं. भराभरा लिहिलं. लिहिताना मी हसत होते. एवढी चांगली बोलणारी बाई मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. "पढ़ के सुना," त्या म्हणाल्या. मी वाचलं: "फिदविया मैमूनाबी अर्ज़ करती है कि फिदविया के मकान में नाली का पानी दाख़िल होता है..."

"ठैर," त्या म्हणाल्या. "ये फिदविया कौन? मेरी सौत है क्या?"

त्या स्वतःच्या विनोदावर इतक्या हसल्या की टांगा हलला आणि घोड्यानं पाय आपटला. मी पण हसले. पण बोरू हातात तसाच राहिला. दरखास्तीत असंच लिहितात, मी त्यांना समजावलं, 'मैं' नाही चालत. माझा आवाज ख्वाजामियाँसारखा निघाला, जपून जपून. ज्याला आताच कुणी चापट मारली तो धाकट्याला मारून पाहतो ना, लागतं का कसं ते, तशी मी आत कुठंतरी खूष होते. त्यांनी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. "नालीवाले कू 'मैं' चलता, तेरे शेठ कू नहीं चलता," त्या म्हणाल्या. "लिख बाबा, क्या लिखना वो लिख. पानी निकलना मतलब." त्यांनी माझा गाल धरला. "सच्ची मेरे घर आएगी ना तू? दुपहर कू आ. मर्द लोगाँ काम पे रैते."

मी आत परत आले ती जिंकूनच. ख्वाजामियाँनी शिकायत वाचून दाखवली. शेठनी मान हलवली. "ही पोरगी बिलकुल बराबर आहे आपल्याला. बायका हिच्याशी बोलतात." मला हे सगळं स्पष्ट दिसत होतं: औरंगाबादचं स्टेशन, हातात ट्रंक, ट्रंकेवर माझं नाव पांढऱ्या रंगानं, दोन्ही लिपींत. आबांना ते वाचता येणार नाही, मी म्हणणार, आबा, हे पाहा, हे इथं मी आहे.

"रखमाजी," शेठ म्हणाले, "तुम्ही सध्या काय करता?"

मला वाटलं, मोठ्या माणसांचं बोलणं चाललंय. आबांनी हात पुढे बांधले. सुतळी वळून त्यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. त्यांनी त्या झाकल्या. "घरीच हाय, शेठ. जिनिंगात होतो."

"हं." शेठ गादीवर जरा पुढे सरकले. "असं आहे. बलदियाच्या रजिस्टरात बाईमाणसाचं नाव चढवायचं म्हणजे उद्या दहा लोक दहा बोलतील. शेठनी कुणाची पोरगी ठेवली म्हणतील. तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल. त्यापेक्षा नाव तुमचं चढवू. काम काय, पोरगी करीलच. तुमच्या घरातलंच काम झालं."

"उस्तानियों के नाम चढ़ते शेठ," मास्तरणींचा दाखला देत ख्वाजामियाँ खाली पाहून म्हणाले. "मदरसे में सबके चढ़ते. इनका भी चल जाता."

"ते मदरशात. इथं आपल्याला मतं मागायची असतात, मियाँ."

ज्या बायकांची घरं त्यांच्या नावावर, त्यांची मतं मागायची, म्हणून माझं नाव नको. हे मला इतक्या सरळ ओळीत दिसलं की मी ते फळ्यावर लिहून दाखवू शकले असते. मी आबांकडे पाहिलं. मला खात्री होती. माझे आबा गरीब आहेत, पण बोललेलं मोडत नाहीत. ते म्हणणार, न्हाई शेठ, नाव तिचंच. नाहीतर निदान म्हणणार, तिला इचारा. मी तोवर श्वास धरला. लहानपणी शहागडला गोदावरीत ते मला पाठीवर घेऊन पोहायचे, आणि बुडी मारायच्या आधी म्हणायचे, धर दम. मी इतक्या विश्वासानं दम धरायची की वर आल्यावरही सोडायला विसरायची, आणि माय काठावरून ओरडायची, पोरगी निळी पडली. तसाच धरला. आबांनी आधी शेठकडे पाहिलं, मग गठ्ठ्यांकडे, मग आपल्याच हातांकडे. त्यांची मान हळूहळू वर आली. जिनिंग सुटल्यापासून ती इतकी वर आलेली मी पाहिली नव्हती. इतका वेळ ते उभे होते, आता त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बसायला जागा आहे का म्हणून.

"जी," आबा म्हणाले. "शेठ म्हणतील तसं."

"उद्यापासून या. पोरीला दुपारच्याला धाडा, घरोघर."

"दुपारी मदरसा असतो," मी म्हणाले. आवाज कुठून आला ठाऊक नाही. "परीक्षा हाय उन्हाळ्यात."

"आता शाळंत काय नवं शिकवणार हायेत?" आबा माझ्याकडे न पाहता बोलले, आणि मऊ बोलले, ते जास्त वाईट. "लिहिता येतंय, वाचता येतंय. शेठ एवढे म्हणून राह्यले. घरात चार पैसे येतील, माय सुखानं खाईल. औरंगाबाद काय पळून जातंय?" मग जरा थांबून, मला चिडवल्यासारखं, घरच्यासारखं, "तूच म्हणली ना, कमवून आणते?"

म्हणाले होते. शब्द माझेच होते, त्यात खोट काढता येत नव्हती. मी म्हटलं होतं, आणते. कुणाच्या नावानं, ते म्हटलं नव्हतं. मला वाटलं होतं ते म्हणायची गरज नसते.

"दरखास्त उनके नाम की होना फिर," ख्वाजामियाँ म्हणाले. "और काग़ज़ तो नहीं है." त्यांनी पेटीतून बोरू तासायचा चाकू काढला, माझ्यापुढे ठेवला, आणि पहिल्यांदा त्यांना माझ्या डोळ्यांत पाहता येईना. "खरोंच दे बेटी. हल्का हाथ रख. काग़ज़ फटना नहीं."

मी खाली बसले. फार काही करायचं नव्हतं. फिदवियाच्या शेवटचा तो गोल खरवडला, येची शेपटी ओढली की फिदवी होतो. चाकूचं टोक आडवं धरून घासलं, शाईची काळी पूड निघाली, मी फुंकली. पुढची ओळ. पुन्हा गोल, पुन्हा पूड. कागद तिथं पातळ झाला, पापणीसारखा. खाली नावाशी आले. तुळजाबाई बिन्ते, एवढं घालवायचं होतं. रखमाजी आधीपासूनच तिथं होते, मीच लिहिलेले. माझं नाव खरवडायला वेळ लागला. शाई जास्त घेतली होती त्या वेळी, लफ्फेदार काढलं होतं. शेठ आणि आबा जिनिंगच्या नव्या मालकाबद्दल बोलू लागले होते. आबा त्याला नावं ठेवत होते, आणि शेठ ऐकत होते.

मग मला दिसलं की क्रियापदं राहिली. अर्ज़ करती है. जानती है. चाहती है. फिदवी चाहती है. एखाद्या माणसानं धोतरावर बांगड्या घातल्यासारखं दिसत होतं. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शेठना वाचता येत नाही, आबांना वाचता येत नाही, आणि ख्वाजामियाँ भिंतीकडे पाहत बसले होते; त्यांनी कदाचित मुद्दामच पाहिलं नसतं. एक तरी 'ती' ठेवता आली असती. कागद बलदियात गेला असता, गठ्ठ्यात बांधला गेला असता, आणि कुठल्यातरी फडताळात वर्षानुवर्षं ती एक चूक मी होऊन बसली असती. हे मला सुचलं. सुचायचं ते सगळं मला सुचतंच. पण मी शकीलाआपांच्या वर्गात पहिली येणारी मुलगी, माझ्या कागदात चूक राहूच शकत नाही, माझ्या हाताला ते खपत नाही. मी चाकू पुन्हा उचलला आणि एकेक 'ती' खरवडून तिथं 'ता' लिहिला. करता है. जानता है. चाहता है. खरवडलेल्या कागदावर शाई फुटते, पण मी इतकी हलकी टेकवली की एकही फुटली नाही.

ख्वाजामियाँनी कागद उजेडात धरला. पातळ झालेल्या जागांतून ऊन आरपार आलं. "एक भी ग़लती नहीं," ते म्हणाले. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही, नुसतं म्हटलं.

"माझी पोरगी हाय ती," आबा शेठना म्हणाले.

बोरू आबांना दिला. त्यांना मोडीत सही येते, रखमाजी एवढीच, पण ठसठशीत येते. ते माझ्या शेजारी उकिडवे बसले. ती उलटी, उजवीकडून येणारी अक्षरं पाहून गोंधळले. "कुठं करू गं?" त्यांनी हळूच विचारलं, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात जागा दाखवली आणि बोट तिथंच राहिलं. मी ठेवलं नव्हतं, ते राहिलं. आबांनी बोरू शाईत बुडवला, झटकला, वर धरला आणि थांबले. शाईचा थेंब टोकाशी जमू लागला.

"बोट काढ की बाई," आबा हसून म्हणाले. "का बोटावर करू सही?"